वेगळी पडलेली प्रत

दोष तुमचा आहे, संशोधनाला पैसे वाटणाऱ्यांनो. माणसाला दर दोन वर्षांनी उपटता, नव्या गावात नेऊन लावता, आणि वर विचारता, हिला कुणी कसं नाही? नायरीला खरंच कुणी नव्हतं. आधी ऑकलंड, मग पर्थ, आता डनेडिन. दुपारचा डबा ती खिडकीकडे तोंड करून खायची.

एका दुपारी विद्यापीठात आगीची घंटा उगाचच वाजली. सगळे भर पावसात बाहेर. शेजारी एक उंच माणूस कोटाखाली डबा लपवून उभा होता. काय वाचवलंस, तिनं विचारलं.

"टोळ. डोंगरावरचे. हे गेले असते तर वरच्या मजल्यावरच्या गणितवाल्या बाईनं मला फाडून खाल्लं असतं."

"ती बाई मीच."

तो फर्गस. वर्षभर तिला टोळांच्या जनुकांचे आकडे पाठवणारा. तोंड मात्र आज पाहिलं…

मग तो रोज चीज रोल घेऊन वर येऊ लागला. तिनं काम समजावलं. पेशीत प्रथिनं बनवणारे कारखाने असतात. ते उभारणाऱ्या जनुकाच्या शेकडो प्रती एकमेकींची नक्कल करत पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या होतात. किती वेगानं, याचं तिचं गणित. वेगळी पडलेली प्रत बहुधा पुसली जाते, ती म्हणाली — जरा जास्तच हळू.

"बहुधा," फर्गस म्हणाला. "कधीकधी तीच सगळ्यांना आपल्यासारखं करून टाकते. गणित तुझंच आहे, बाई. मी बघ, तुझ्यासारखा बिनदुधाचा चहा प्यायला लागलो."

तिचे कान तापले.

पण करार संपला. नॉर्वेहून बोलावणं आलं. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. इथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळत होती, पण राहायला कारण हवं, आणि कारण तोंड उघडत नव्हतं. फर्गसनं अभिनंदन केलं. तिथल्या बर्फाचं, पगाराचं कौतुक केलं. शुक्रवारी तर न सांगता तिची पुस्तकं खोक्यात भरायला आला.

बंदरावरून धुकं चढत होतं. तिनं खोकं त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"हमाल नको होता मला. आजवर एकाही गावात मला कुणी थांब म्हणालं नाही, फर्गस."

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"तिकडे नको, इकडे बघ. मला तू हवा आहेस… मी बोलून मोकळी झाले. आता तू बोल — राहू की जाऊ?"