रद्दनाम्याची तारीख

बोरकडा पठारावरच्या दूरसंपर्क केंद्रात 'टिटवी'साठी एक वेगळी खोली होती. टिटवी हे यान पृथ्वीपासून एकवीस प्रकाशतासांवर पोचलं होतं. इथून पाठवलेला संदेश तिथे जायला एकवीस तास लागत आणि उत्तर यायला आणखी एकवीस. या खोलीत काम करणाऱ्या माणसांना वाट बघायची सवय होती.

गोरख खिलारे सकाळी साडेनऊला आत आला तेव्हा सुरक्षा अधिकारी नसीम तांबोळी आधीच येऊन बसली होती. तिच्यासमोर एक कोरा फॉर्म होता. वर छापलं होतं, 'रद्दनामा'.

"काका, आज सहावा दिवस," नसीम म्हणाली. "नियम सात दिवसांचा आहे. मी कालच येणार होते, पण पाय उचलला नाही."

"चहा घेतलास?"

"घेतला. विषय बदलू नका."

गोरखने खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर नाव होतं, वैजयंता गोरख खिलारे, आणि खाली हुद्दा, प्रमाणक. टिटवीशी कोणी बोलायचं हे ठरवणारी केंद्रातली ती एकटी. ती परीक्षा घ्यायची, आणि जो उत्तीर्ण होईल त्याच्या विश्वासपत्रावर आपल्या कार्डाने सही करायची. चार ऑगस्टला ती गेली.

"मला एक सांग," गोरख म्हणाला. "हे नाही पाठवलं तर काय होईल? ती गेली हे टिटवीला कुठे कळणार आहे?"

"कळत नाही, तोच धोका आहे. टिटवी माणूस ओळखत नाही, सही ओळखते. कार्ड घातलं, पिन दाबला, की सही झाली. रद्दनामा पोचत नाही तोवर तिच्या लेखी मॅडम कामावर आहेत. जिवंत माणसाचं कार्ड कुणी वापरलं तर तो माणूस आरडाओरडा करतो. गेलेल्या माणसाचं वापरलं तर ओरडणार कोण?"

"म्हणजे तिथे आत्ता ती आहे."

नसीमने वर बघितलं.

"आणि आपण आत्ता बटण दाबलं तरी उद्या सकाळी साडेसहापर्यंत असेल," गोरख म्हणाला.

"असेल. पण काका, ते तेवढंच. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"तिने शिकवलं. मी मागे बसून वायरी जोडत होतो."

नसीमने फॉर्म त्याच्याकडे सरकवला. नाव, कार्ड क्रमांक, कारण असे साधे रकाने होते. शेवटचा रकाना होता, 'कोणत्या तारखेपासून विश्वास मागे घ्यावा?' गोरखने पेन उचललं आणि ४ जून लिहिलं.

"ऑगस्ट, काका. महिना चुकला."

"चुकला नाही."

गोरखने खुर्ची ओढली आणि बसला.

"जूनमध्ये तिला दवाखान्यात ठेवलं. तीन तारखेला तिने टिटवीला स्वतः हजेरी दिली, शेवटची. चार तारखेला उठून बसवेना. महिनाभर हजेरी गेली नाही की टिटवी त्या माणसाचं नाव झोपवते, तुला माहीत आहे. अठरा वर्षांत तिची एक हजेरी चुकली नव्हती. मी तिला म्हटलं, पिन सांग, मी देतो."

"आणि मॅडमनी सांगितला?"

"सांगितला."

"शक्यच नाही!" नसीम एकदम उठली. "पहिला धडा काका, पहिल्या दिवसाचा पहिला धडा! पिन कुणालाही सांगायचा नाही. मॅडम म्हणायच्या, नवऱ्याला तर मुळीच नाही, आणि अख्खा वर्ग वळून तुमच्याकडे बघून हसायचा."

"मीही हसायचो."

"किती दिवस वापरलंत?"

"एकसष्ट दिवस. रोज. नुसती हजेरी, बाकी कसला हुकूम नाही. शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहायचो. आज डाळिंबाचे दाणे खाल्ले. आज नर्सशी भांडले. पडताळणीसाठी टिटवी आलेलं सगळं जसंच्या तसं परत पाठवते. ते दोन दिवसांनी यायचं, मग मी तिला वाचून दाखवायचो. म्हणायचो, बघ, टिटवीचा निरोप आलाय. ती डोळे मिटून ऐकायची. म्हणायची, बरं लिहिलंय."

नसीम परत बसली. बराच वेळ ती फॉर्मवरच्या तारखेकडे बघत राहिली.

"तुमचं विश्वासपत्र नवं कधी झालं?"

"बावीस जून."

"कुणाच्या सहीने?"

"तिच्याच. त्या दिवशी तिला जरा बरं होतं. पलंगावरच माझी तोंडी परीक्षा घेतली, तासभर. मग सही करायच्या वेळी मला बाहेर पाठवलं. परीक्षार्थ्याने खोलीत थांबायचं नसतं म्हणे."

"कुणी पाहिलं?"

"नर्स होती बहुतेक. तिला त्यातलं काय कळणार?"

"मग ती सही मॅडमची की तुमची, हे कोण सांगणार? काका, ही साखळी आहे. रद्दनाम्यात चार जून गेलं, तर चार जूनपासून या कार्डाने केलेली प्रत्येक सही टिटवी टाकून देईल. त्यात तुमचं विश्वासपत्रही जाईल. या खोलीत तुम्हाला काही काम उरणार नाही."

"परीक्षा परत देईन."

"द्याल. दुसऱ्या केंद्राचा प्रमाणक येईल, सही करील. खिलारे काकांना कोण नापास करतंय?"

"मला नापास व्हायची भीती नाही गं," गोरख म्हणाला. "ती तिची शेवटची सही आहे. त्यानंतर तिने हातात पेनसुद्धा धरलं नाही. ती सही तिथे वर आहे तोवर मी तिच्या शब्दावर इथे बसलोय. ती सही गेली की मी दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर बसणार."

नसीमने पेन उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"मग चार ऑगस्ट लिहा. त्यात खोटं काही नाही, मॅडम त्याच दिवशी गेल्या. आणि मी आत्ता चहा आणायला बाहेर गेले होते. मी काही ऐकलेलं नाही."

गोरखने पेन घेतलं. चार जूनवर टोक टेकवलं. मग ते तसंच खाली ठेवलं.

"अठरा वर्षांत तिने एकही खोटी सही पुढे जाऊ दिली नाही. आता तिच्याच नावावर एकसष्ट खोट्या सह्या ठेवून तिला निरोप देऊ?"

"मग माझाही नाइलाज आहे," नसीम म्हणाली. "कार्ड दुसऱ्याच्या हातात होतं असा कबुलीजबाब आला की आधी टिटवीकडून यादी मागवायची. चार जूनपासूनच्या या कार्डाच्या सगळ्या सह्या आणि त्यांचे शेरे. यादी येईपर्यंत सात दिवसांची मुदत थांबते."

कबुलीजबाब लिहून होईपर्यंत दुपार झाली. दोन वाजता नसीमने आपल्या कार्डाने मागणी पाठवली.

यादी यायची होती त्या सकाळी आठ वाजता दोघं पडद्यासमोर बसले होते. नसीमने डबा आणला होता, पण तो उघडला नव्हता. आठ वाजून दोन मिनिटांनी ओळी उमटायला लागल्या. एकूण बासष्ट. नसीम एकेक ओळ बोटाने मोजत खाली आली आणि मधेच थांबली. परत वर गेली.

"काका, मॅडमनी तुम्हाला पिन कसा सांगितला? आठवून सांगा."

"कसा म्हणजे? माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग चार आकडे सांगितले. मी विचारलं, बरोबर ना? म्हणाली, चालेल."

"चालेल म्हणाल्या," नसीम हळूच म्हणाली. "या रकान्यात 'ब' दिसतोय? बळजोरी. प्रत्येक कार्डाला दोन पिन असतात."

"ते मला माहीत आहे. गळ्यावर सुरी ठेवून कुणी पिन मागितला तर दुसरा सांगायचा. कार्ड चालतं, सही होते, चोराला वाटतं काम झालं. यान पाळल्यासारखं दाखवतं, पण पाळत काहीच नाही. आणि अशी यादी मागवेपर्यंत केंद्राच्या पडद्यावर तसं काही दिसत नाही, कारण चोर पडद्यासमोरच बसलेला असू शकतो."

एवढं बोलून गोरख थांबला.

"तुमच्या एकसष्ट हजेऱ्या," नसीम म्हणाली. "सगळ्यांपुढे 'ब' आहे. टिटवीने त्या मॅडमच्या म्हणून कधी धरल्याच नाहीत."

"मी सुरी कुठे ठेवली होती?" गोरख म्हणाला. "मी तिचे पाय चेपत होतो."

त्याला हसू आलं आणि मग त्याने चष्मा काढला. नसीम खिडकीकडे बघत बसली.

"तिला माहीत होतं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मी रोज ते वाचून दाखवत होतो आणि तिला सगळं माहीत होतं."

"आता उरलेली एक ओळ बघा. बावीस जून. 'ब' नाही. खऱ्या पिनची सही. खरा पिन कधी कुणाच्या हातात गेलाच नाही, काका. म्हणजे रद्दनाम्याची खरी तारीख चार ऑगस्टच. तुमचं विश्वासपत्र शाबूत आहे. माझ्या अहवालात तुम्हाला ठपका मिळेल, तो मी देणार. पण सही राहील."

"त्या ओळीला शेरा आहे?"

"प्रमाणकाचा शेरा आहे. परीक्षार्थ्याला दाखवायचा नसतो." नसीमने पडदा त्याच्याकडे वळवला.

गोरखने वाचलं.

'उमेदवार दुसऱ्याचा पिन मागतो. देऊ नये. मिळालेला पिन तपासून बघत नाही. रोज न चुकता येतो. पात्र.'

त्याने ते परत एकदा वाचलं. मग फॉर्म जवळ ओढला, चार जून खोडून चार ऑगस्ट लिहिलं आणि बाजूला आपली सही केली.

"पाठवायचं तुमच्या कार्डाने," नसीम म्हणाली. "आता ते चालतं."

त्याने कार्ड घातलं. पडद्याने पिन मागितला. नसीमने तोंड दुसरीकडे वळवलं, तरीही गोरखने डावा हात आकड्यांवर आडवा धरला आणि मगच एकेक आकडा दाबला.