लेन्सच्या जरा वर

काचेच्या आतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हे मेहरुन्निसाला जरा उशिराच कळलं. राजारामपुरीतल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानासमोर ती आठवड्यात चौथ्यांदा उभी होती. काचेला नाक लावून किमती वाचायच्या, आत न जाताच परत फिरायचं... आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा इकडेच.

दार ढकलून तो बाहेर आला. उंच, कुरळ्या केसांचा, हातात पिवळं फडकं.

"आज दोनदा पुसली काच," तो म्हणाला. "तुमच्या नाकाचा ठसा परत उमटलाय."

ती लाजली, आणि लाजल्याचाच तिला राग आला. "पहिला कॅमेरा घ्यायचाय मला. पंचवीस हजारांत बसत असेल तर बोला, नसेल तर—"

"बोलतो की. आत तर या."

त्याचं नाव आरिफ. या दुकानात तो दोन वर्षं काउंटरवर होता. मेहरने एका दमात त्याला सगळं ऐकवलं. कुठे मेगापिक्सेल जास्त, कुठे दोन लेन्स, कुठे बॅग फुकट. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "फोटो कशाचा काढायचाय?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"अब्बांचा," ती हळूच म्हणाली. तिचे अब्बा रफिकभाई एकतीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. येत्या शनिवारी त्यांची शेवटची पाळी. "आमचे शाळेतले, लग्नातले, सगळे फोटो हायत घरात. अब्बांचा कामावरचा एक पण न्हाय. मॅनेजरनी दहा मिनिटं दिल्यात. मोबाईलवर भट्टीचा नुसता पांढरा गोळा येतोय."

"आज मंगळवार."

"म्हणून तर जीव थाऱ्यावर न्हाय माझा!"

आरिफने मागे वळून पाहिलं. मालक फोनवर होते. त्याने आवाज खाली आणला. "मग इथलं काही घेऊ नका. नव्याला पंचवीस पुरायचे न्हाईत. ओढूनताणून घेतलात, तरी त्याच्यासोबतची लेन्स त्या अंधाऱ्या शेडमध्ये काही कामाची न्हाय. बॉडी जुनी चालंल. लेन्स उजेड आत घेणारी पायजे."

"तुम्ही गिऱ्हाईक घालवताय?"

"घालवतोय..." तो घुटमळला. "म्हणजे, दुकानाचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं जुना कॅमेरा बघायला मंगळवार पेठेत, आरिफच्या ओळखीच्या गणपतरावांकडे गेले. तीस वर्षं लग्नांचे फोटो काढून म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, आणि कॅमेरा कपाटात नुसता पडून होता. आरिफने टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी धरली नाही ना, ते पाहिलं. बॉडी उलटसुलट केली, शटरचा आवाज कानाशी धरून ऐकला.

"घ्या. बघा काढून एक," त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला. "माझाच काढा."

तिने डोळा लावला. चौकटीत तो, मागे खिडकीतला उतरता उजेड. आणि तिचा हात चक्क हलला.

"हात हलतोय."

"लॅबमध्ये रोज चाळीस जणांचं रक्त काढते मी. माझा हात हलत नाही."

"मग आजच का हलतोय?"

वाटेत त्याने शिकवलं होतं, तसा तिने श्वास सोडला आणि बटण दाबलं.

गणपतरावांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून स्क्रीनवर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आरिफ, लेका, लेन्सकडं बघायचं असतंय. तू चार बोटं वर बघायलास. पोरीच्या डोळ्यात!"

आरिफ टॉर्च उगीचच चालू-बंद करत राहिला. कॅमेरा आणि लेन्स मिळून बावीस हजारांत सौदा झाला, आणि जिना उतरताना दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मग सुरू झाली नुसती तगमग. लॅबमध्ये मेहरने एकाच पेशंटला दोनदा मूठ आवळायला लावली. गुरुवारी दुकानात जाऊन तिने बॅटरी किती टिकते ते विचारलं. शुक्रवारी पट्टा कसा अडकवायचा ते. पट्टा अडकवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... तिने हात मागे घेतला नाही. त्यानेही नाही.

शनिवारी शेडमध्ये पाऊल टाकताच आच अंगावर आली. पहिले सहा फोटो पांढरेफटक. मिनिटं पळत होती. अब्बा तर पोझ द्यायलाही तयार नव्हते, "काम करू दे गं" म्हणून पाठ फिरवत होते. तिने शटर आणखी वेगाचं केलं. तेवढ्यात साच्यात लोखंड ओतलं जाऊ लागलं, अब्बांनी तोंडावरची जाळी वर केली आणि त्या धारेकडे पाहिलं. घामेजलेला, केशरी उजेडात न्हालेला चेहरा. तिने श्वास सोडला.

बाहेर आल्यावर अब्बांनी तो फोटो पाहिला. "मी असा दिसतो व्हय?" एवढंच म्हणाले, आणि रुमालाने मान पुसता पुसता डोळेही पुसून घेतले.

तशीच ती दुकानात आली. आरिफने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. "एक नंबर," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "झालं की मग. आता तुम्हाला इकडं यायचं कारण न्हाय."

तेच तर! सगळं मनासारखं होऊनही रस्ताभर जे टोचत होतं, ते हेच.

"उद्या घरी जेवण आहे," ती घाईघाईने म्हणाली. "अब्बा रिटायर झाले म्हणून. तुम्ही पण या."

"फोटो काढायला?"

"फोटो मी काढणार हाय."

"मग तिथं सगळे विचारतील की, हा कोण?" तो काउंटरवर वाकला. आता तो सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. "काय सांगणार?"

दारातून दुसरं गिऱ्हाईक आत येत होतं. मालकांनी मान वर केली होती. मेहरच्या कानाच्या पाळ्या भट्टीसमोर तापल्या नव्हत्या, इतक्या तापल्या.

"सांगेन..." ती म्हणाली. "माझा हाय म्हणून."

आणि उत्तराला न थांबता ती दाराकडे वळली. मागून आवाज आला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा, "मेहर! किती वाजता येऊ?"

"सकाळीच ये!" ती म्हणाली. 'या' म्हणायचं राहूनच गेलं.