सटवाजींची दाढी

वैशाखातली पहाट फटफटली, तेव्हा कांडवगडाचा पूर्वेकडचा बुरूज, त्याखालचा तुटलेला कडा आणि पायथ्याला नदीकाठाने पसरलेल्या गनिमाच्या राहुट्या एकदमच उजेडात आल्या. खाली एवढी नदी वाहत होती आणि वर गडावर माणसं ओठ चाटत बसली होती. फितूर झालेल्या कारखानिसाने, मेल्याचं तोंड बघू नये, पाण्याच्या टाक्यात मेलेली डुकरं टाकून अर्धा गड गनिमाला असाच देऊन टाकला होता. किल्लेदार दौलतराव मांडीत गोळी घेऊन दरवाज्यावर, बाजेवर पडल्या पडल्या लढाई चालवत होते.

कुमकेची फौज नदीपलीकडे दोन मजलांवर होती. पण गड पडल्याची हूल ऐकून ती परत फिरण्याच्या बेतात असल्याचं शेवटच्या जासुदाने सांगितलं होतं. गडाच्या माणसाने तिला गाठायचं तर वाट एकच, नदीचा घाट. दहाव्याला आलेल्या, डोकं, दाढी, मिशी उतरवलेल्या गावकऱ्यांना तिथला पहारा अडवत नसे. तुकोजी हवालदार असाच सुतकी बनून गेला होता. पण पाण्यावाचून केलेली ती हजामत. वस्तरा राठ केसांवर उड्या मारत गेला आणि गालभर रक्ताचे ठिपके उठले. पहाऱ्यावरच्या जमादाराने एवढंच विचारलं, की नदी उशाशी असताना कोणता गावकरी कोरडी हजामत करतो. तुकोजीचं शिर आता घाटावर भाल्याच्या टोकाला होतं.

आज जाणार होते किल्लेदारांचे धाकटे बंधू सटवाजी, छातीवर रुळणारी दाढी मिरवणारा उमदा गडी. समोर वस्तरा घेऊन गोमाजी न्हावी बसला होता.

"बाईसाहेब," तो किल्लेदारांच्या पत्नीला, राहीबाईंना म्हणाला, "तुकोजीला ह्याच हातांनी मारलंय मी. आता खोटं बोलत नाही. वस्तरा दगडावर लावलाय, तळहातावर परजलाय, त्याच्या धारेत खोट नाही. पण केस भिजल्याबिगर मऊ पडत नाहीत, आन् तहानेनं कातडीबी वाळलीय. तांब्याभर ऊन पाणी पाहिजे."

गडावर वाटणीच्या घोटांपलीकडे तांब्याभरच पाणी होतं. बायाबापड्यांनी आपापल्या घोटातून काढून ते राहीबाईंच्या ठकूसाठी ठेवलं होतं. दोन वर्षांची पोर तापाने फणफणत होती.

"वहिनीसाहेब, त्या पाण्याला हात लावू नये," सटवाजी म्हणाले. "आम्ही असेच जातो."

"असे जाल आणि तुकोजीशेजारी लागाल. मग गडावरची सगळीच लेकरं जातील, भावोजी."

पाणी आलं. गोमाजीने खाली परात धरली. निथळलेलं पाणी फडक्याने गाळून पोरीला पाजता येईल, असं तो चाचरत बोलला. हजामतीचं पाणी लेकराच्या तोंडी, हे एरवी कुणी ऐकूनही घेतलं नसतं. राहीबाईंनी मान डोलावली. डोकं निभावलं. लांब दाढी कातरली, खुंट भिजवले, आणि कानाखाली वस्तरा जेमतेम बोटभर उतरला तोच अडला. रक्ताचा एक ठिपका वर आला.

गोमाजीने वस्तरा बाजूला घेतला.

"रिठा लागंल," तो म्हणाला. "फेसावर वस्तरा सरकंल. पण ते पाणी मग पोरीला चालायचं नाही. पोटात गेलं की उलटून पडंल."

सटवाजी उठू लागले. राहीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, गोमाजीच्या धोकटीतून स्वतः रिठे काढले, फोडले आणि तांब्यात उरलेल्या नि परातीत निथळलेल्या सगळ्या पाण्यात टाकून घुसळू लागल्या. आतून ठकू रडत होती. फेस दाट येईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही.

मग गोमाजीने डाव्या हाताने गाल ताणून धरला, वस्तरा जवळजवळ आडवा ठेवला आणि केसांच्या कलाने, श्वास रोखून, एकेक पट्टी उतरवत गेला. पुन्हा रक्त आलं नाही. कानाखालचा ठिपका पुसल्यावर दिसेनासा झाला.

तिन्हीसांजेला सटवाजी मागच्या कड्यावरून दोराने उतरले आणि सकाळी सुतक्यांच्या घोळक्यात मिसळून घाटावर आले. जमादाराने त्यांची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, गालावरून उलटा हात फिरवला आणि त्यांना पुढे ढकललं.

फौज आली. गनिमाचा मोर्चा मोडला, दरवाजे उघडले, आणि नदीवरून पखाली चढू लागल्या तेव्हा गडावरचे लोक ओंजळी पसरून रडले. सटवाजी घोड्यावरून उतरले ते धावतच वहिनीसाहेबांच्या दाराशी गेले. आत पाळणा रिकामा होता. ठकू आदल्या संध्याकाळीच गेली होती. त्यांनी राहीबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढा मोठा गडी, पण हुंदके आवरेनात.

राहीबाईंनी त्यांना उठवलं आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"खुंट आलेत, भावोजी," त्या म्हणाल्या. "गोमाजीला बोलवा. आता पाणी पुष्कळ आहे."