जिवाने झटका का दिला नाही?

चारुशीलाचं पत्र येऊन पावसाळा उलटला होता, तरी त्र्यंबकरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. ही मुलगी घाटावरच्या एका वाडीतली. तिथल्या आरोग्यकेंद्रात 'जिवा' नावाचा यंत्रमानव होता आणि त्याला हृदयाची लय ओळखायला त्र्यंबकरावांनीच शिकवलं होतं.

नात ओवीने पत्र पुन्हा उघडलं. "'आमचे आप्पा आरोग्यकेंद्रात कोसळले. त्यांच्या छातीला आजीने तेल चोळलं होतं. ते पुसून मी जिवाच्या तारांच्या पट्ट्या चिकटवल्या. आई छाती दाबत होती. जिवा म्हणाला, विजेचा झटका द्यायचा नाही. आप्पा गेले. माझ्या पट्ट्या नीट बसल्या नव्हत्या का?'"

ओवीने पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. "आजोबा, एवढा यंत्रमानव शिकवून तयार केलात आणि चार ओळी लिहवत नाहीत?"

"काय लिहू गं? आप्पा काही परत येणार नाहीत."

"मग आधी मला सांगा. झटका का नाही दिला?"

त्र्यंबकरावांनी पडद्यावर एक ईसीजी (हृदयातल्या विजेचा आलेख) उघडला. "हृदयातली एक छोटीशी जागा विजेचा इशारा देते, की सगळं हृदय आकसतं. म्हणून निरोगी आलेखात अशी सारखी टोकं दिसतात. आता हा दुसऱ्या रुग्णाचा बघ."

"शी! नुसती गिचमिड."

"हे तंतुकंपन (हृदयाच्या स्नायूंचं एकत्र न आकसता नुसतं थरथरणं). सगळा वर्ग एकदम ओरडतो ना, तसं. झटका सगळ्यांना क्षणभर गप्प करतो. मग त्या छोट्या जागेला पुन्हा ताल धरता येतो."

"आणि आप्पांचा?"

त्यांनी जिवाने नोंदवलेला आलेख उघडला. पडद्यावर सपाट रेषा आली.

"इथे गोंगाटच नाही. गप्प कुणाला करणार? छाती दाबत राहायची, औषध द्यायचं. तेवढंच हातात उरतं, आणि पुष्कळदा तेही पुरत नाही."

ओवी पडद्याजवळ सरकली. "पण पट्टी सुटली, तरी रेषा अशीच येईल ना?"

त्र्यंबकरावांनी आलेख मागे सरकवला. तिथे मोठमोठ्या गोल लाटा उमटल्या होत्या. "या हृदयाच्या नाहीत. तिची आई छाती दाबत होती ना? प्रत्येक दाबाची ही लाट. आई थांबली की रेषा सपाट. आणि पट्ट्या सुटल्या असत्या, तर जिवाने तिथल्या तिथे सांगितलं असतं."

"म्हणजे पट्ट्या बरोबर होत्या! तुम्हाला माहीत होतं?"

"आलेख पाहिला तेव्हाच कळलं. वाटलं, एवढ्याशा गोष्टीने तिचं काय सांत्वन होणार!"

"एवढीशी? आजोबा, आप्पा आपल्यामुळे गेले असं वाटतंय तिला!"

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. मग त्यांनी कागद ओढला.

'चारुशीला, तुझ्या पट्ट्या अगदी नीट बसल्या होत्या. तुझ्या आईने दिलेला प्रत्येक दाब त्यांनी टिपला. आप्पांचं हृदय थांबलं, ते तुझ्यामुळे नाही. सोबत आलेख पाठवतो. समजला नाही तर विचार. या वेळी मी लगेच लिहीन. आणि एक दिवस असे आलेख वाचायला तू इकडे ये.'

पाकीट चिकटवून ते ओवीबरोबर कोपऱ्यावर गेले आणि त्यांनी ते टपालपेटीत टाकलं.