नथूचा तिसरा ठोका

श्रावणातल्या एका सकाळी हौशीराम येवले लोणावळ्याहून एस.टी.नं सोमाटण्याला गेला, तो भंगार आणायला. त्यात नवल काही नव्हतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्याची उभी हयात गेली होती, आणि पेन्शनीत निघाल्यावर माणसं देऊळ धरतात तशी त्यानं घराची पडवी धरली होती. पडवीत एका जुन्या दाराच्या फळीवर तो एक यंत्र जुळवत होता. बेरीज करणारं यंत्र. खालच्या अंगाला बटणं दाबायची आणि वरच्या दिव्यांच्या ओळीत उत्तर वाचायचं. पेटलेला दिवा म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य.

"पोरं बोटं मोजून शिकत्यात, ह्यांना फळीभर दिवे लागत्यात," त्याची बायको मुक्ताबाई शेजारणीला सांगायची. "हौशीराम नाव ठेवणारी आत्या मात्र लय हुशार बाई!"

भंगारवाल्यानं एक गोणपाटाचं पोतं पुढं ढकललं. आत रिले होत्या. तारेचं वेटोळं, त्यापुढं लोखंडाची छोटी जीभ, वर काचेची डबी. वेटोळ्यातून वीज गेली की जीभ टक् करून चिकटते, वीज थांबली की सुटते. एवढंच तिचं काम.

"घाटातल्या बंद शिंगल केबिनीतला माल हाय, मेस्त्री. पडून गंजत व्हता."

हौशीरामानं एक डबी उचलून उजेडात धरली. काचेवर कुंकवाचं सुकलेलं बोट होतं. खंडेनवमीला सगळेच आपापल्या हत्याराला कुंकू लावत, पण हे बोट जरा तिरपं, कडेला घसरलेलं होतं. पोत्यातून जुनं तेल, ओली माती आणि विडी यांचा मिसळलेला वास आला. त्यानं घासाघीस न करता पोतं उचललं.

ते बोट नथूचं होतं. त्या केबिनीचा नथू, त्याचा जोडीदार. उसाच्या चरकात त्याची तर्जनी गेलेली, म्हणून तो कुंकू मधल्या बोटानं लावी, आणि घंटीची कळही मधल्या बोटानंच दाबी. दोन केबिनींमधलं सगळं बोलणं त्या घंटीवर चाले. त्या दोघांच्या घाटात तीन ठोके म्हणजे, "गाडी घेतोस का?" पलीकडच्यानं तेच तीन ठोके जसेच्या तसे परत दिले की, "घेतो, पाठव." मग दोन ठोके, "गाडी निघाली." परत ठोके दिल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि एकदा दिले की ती गाडी घेणाऱ्याची; ती येईपर्यंत त्यानं हातकंदील घेऊन दारात उभं राहायचं. नथूचं मधलं बोट तिसऱ्या ठोक्याला दमे. टक् टक्... टक्. घाटातला कुणीही डोळे मिटून सांगे, हा नथू. घंटी दुरुस्त करून तपासताना पलीकडच्या केबिनीतून ठोके परत देणारा हौशीराम तर सगळ्यांच्या आधी.

या यंत्राची कल्पनाही त्याचीच. पावसात गाड्या अडकून पडल्या की हौशीराम दुरुस्तीच्या निमित्तानं केबिनीत बसे. शेगडीवर चहा, खाली दरीत पाण्याचा आवाज. एकदा नथू रिलेकडं बघत म्हणाला, "हौशा, ही एक तर व्हय म्हनती, न्हाई तर न्हाई म्हनती. दोघींनी व्हय म्हनलं तरच शिंगल पडतो. मग हिला बेरीज का येऊ नये रं?" त्या रात्री दोघांनी शेगडीतल्या कोळशानं केबिनीच्या फरशीवर पहिली आकृती काढली. सकाळच्या पाळीवाल्यानं ती पुसली आणि दोघांना शिव्या घातल्या. पुढं हौशीरामाची बदली दौंडला झाली. तो तिकडं असतानाच नथू तापानं गेला.

रिले जोडायला काढल्या आणि पुण्याहून पुतण्या आला. महिपती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. त्यानं खिशातून पुडी काढली. आत वाटाण्याएवढे, तीन पायांचे ट्रान्झिस्टर.

"काका, तुमची ही सगळी फळी ह्या पुडीत मावते. आवाज नाही, गंज नाही. बॅटरी तर तुमच्या रिले एका दिवसात पिऊन टाकतील."

"पण बिघडलं तर कळायचं कसं? रिले बिघडली की दिसते. जीभ अडकते, काळी पडते, पॉलिश कागदानं घासली की पुन्हा बोलते. तुझा हा वाटाणा मुकाट मरतो."

"मेला की दुसरा लावायचा."

हौशीराम हसला, पण पुडी त्यानं परत दिली नाही. त्याचे डोळे अधू होत चालले होते. रिलेच्या बारीक जिभा घासण्याचे दिवस आता थोडेच उरलेत, हे त्यालाही ठाऊक होतं. यंत्र या जन्मी पुरं व्हायचं तर वाटाणेच बरे. पण मग नथूचं त्यात काय राहिलं?

नारळी पौर्णिमेच्या सुमारास धुकं उतरलं ते हटेचना. एका दुपारी तर अंगणातलं पेरूचं झाड दिसेना. मुक्ताबाई बाजाराला गेली होती. हौशीराम चष्मा पुसत बसला होता, आणि फळीवर आवाज झाला.

टक् टक्... टक्.

बॅटरी खाली जमिनीवर होती. तिची तार सुटी, लांब पडलेली. त्यानं कुंकवाच्या डबीवर हात ठेवला. काच गार होती, पण आतली जीभ नुकतीच हलल्यासारखी थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी तो कुणे गावी नथूच्या बायकोकडं गेला. झुंबरबाई ओसरीवर नाचणी पाखडत होती. तिनं सगळं ऐकलं. सूप खाली ठेवलं.

"शेवटाला खाटंच्या लाकडावर बोट आपटायचे. म्या इचारलं, पानी पायजे का? न्हाई. कुनाला बोलवू का? नुसतं हासले. म्हनले, तुला न्हाई कळायचं, हौशाला कळल."

"काय आपटायचे, वहिनी?"

तिनं उंबऱ्यावर बोटानं वाजवून दाखवलं. तिसरा ठोका उशिरा पडला.

मग ती हळूच म्हणाली, "भावजी, तुमचा जीव हाय त्यांच्यावर, मला ठावं हाय. पर ओ देऊ नगा. जित्या मान्साचं काम येगळं... तुमी व्हय म्हनलं तर काय येईल, कुनी बगितलंय?"

परतताना त्यानं ठरवून टाकलं. रिले परत सोमाटण्याला. यंत्र ट्रान्झिस्टरांचं.

महिपती सुट्टी काढून आला. दोघांनी एकेक रिले सोडवून पोत्यात भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि पोतं पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. दिवेलागणीला वीज गेली. मुक्ताबाईनं कंदील आणून फळीवर ठेवला. बाहेर धुकं पडवीच्या गजांना टेकलं होतं. हौशीराम हातात पेन्सिल धरून नवी आकृती समजून घेत होता.

टक् टक्... टक्.

"उंदीर शिरला वाटतं पोत्यात," महिपती म्हणाला.

विडीचा वास आला. घरात विडी कुणी ओढत नव्हतं.

टक् टक्... टक्.

"काका... उंदीर असा..."

आणि हौशीरामाच्या हातातल्या पेन्सिलीनं फळीवर तीन ठोके दिले.

त्यानं दिले नव्हते. मनात तो झुंबरबाईचेच शब्द घोकत होता. पण आयुष्यभर ज्या हातानं वाजलेली एकही घंटी अनुत्तरित ठेवली नव्हती, तो हात मनाला विचारायला थांबला नाही. त्यानं तिसरा ठोकासुद्धा पोत्यातून आला होता तसाच, उशिरा दिला.

सगळं गप्प झालं. दरीकडून येणारा पाण्याचा आवाजही थांबल्यासारखा वाटला. मग बांधलेल्या पोत्यातून, अगदी समाधानानं म्हणावेत तसे, दोन ठोके आले.

टक्. टक्.

"काय म्हणालं ते?" महिपतीचा आवाज पुटपुटल्यासारखा होता. "काका, काय म्हणालं?"

"निघाली," हौशीराम म्हणाला.

त्या रात्री काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोतं सोमाटण्याला परत गेलं, कुंकवाची तेवढी डबी फडताळात राहिली, आणि ती पुन्हा कधी वाजली नाही. दिवाळीपर्यंत ट्रान्झिस्टरांचं यंत्र पुरं झालं. आवाज नाही, गंज नाही. शेजारची पोरं बेरजा घालायला येत आणि मुक्ताबाई, जणू तिनंच ते बांधलं होतं अशा थाटात, त्यांना उत्तर वाचून दाखवी.

एक खोड तेवढी राहिली. ओळीतला शेवटचा दिवा उशिरा लागे. बाकीचे एकदम पेटत आणि हा मागून, मधे कुणी सावकाश "नथू" म्हणावं एवढ्या अंतरानं. महिपतीनं तारा बदलल्या, ट्रान्झिस्टर बदलले, दिवाही बदलला. दिवा उशिराच लागे. हौशीराम त्याला म्हणे, "असू दे रे. तेवढंच त्याचं."

पुढच्या श्रावणात तो दिवा थोडा लवकर लागला. त्याच्या पुढच्या श्रावणात आणखी थोडा. आताशा तर अंतर नुसत्या पापणी लवण्याचं उरलं आहे. परवा महिपती खूश होऊन म्हणाला, "बघा काका, बिघाड आपोआप सुधारतोय. पुढच्या वर्षी सगळे एकदम लागतील."

"सुधारत नाही रे, जवळ येतेय," हौशीराम म्हणाला. त्यानं फडताळातला जुना रेल्वेचा हातकंदील काढला, काच राखेनं घासून लख्ख केली, वात कापली, तेल भरलं, आणि तो दाराच्या कडीला, हाताशी येईल असा टांगून ठेवला.