निवळ

नांदोमच्या बाजारात, पिटोच्या, म्हणजे ज्वारीच्या दारूच्या मांडवाखाली, चाखायला म्हणून मी तुंबा उचलला... तर कुणीतरी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि निम्मा रिकामाच केला!

"डोळे आहेत की नाहीत? तो माझा होता!"

"डोळे तुझ्याकडे गेले, आणि हात मोकाट सुटले," तो म्हणाला आणि हसला. मेला असा हसला, की माझा राग कुठल्या कुठे पळाला.

तो तेंगान. मांडव त्याच्याच आईचा. तिच्यासारखी ज्वारीची पिटो गाळणं पंचक्रोशीत कुणाला जमत नाही. मग दर बाजाराला माझ्या भेंडीच्या पाटीपाशी त्याचं काहीतरी काम निघू लागलं.

"एवढी भेंडी खातं कोण तुमच्याकडे?"

"खातंय कोण? तुझा हात लागलाय... बघत बसतो."

आणि मी वेडी, भुलले.

त्याच्या आईची मात्र अट होती. "आमचं घर पिटोवर चालतं, आयुओ. माझ्यासमोर भरडा लावून दाखव. गोड झाला तर देजाच्या कवड्या घेऊन तुला मागणी घालायला तुझ्या घरी माणसं पाठवते. नाही तर विषय संपला."

मी जन्मात भरडा लावला नव्हता. आमच्याकडे पिटो विकतच आणतात. तिने एकदाच सांगितलं. मोड आणून वाळवलेली ज्वारी भरडायची, पाण्यात कालवायची, भेंडीच्या देठांचा चिकट रस घालायचा. साका खाली बसला की वरची निवळ काढून बाजूला ठेवायची. साका तेवढा शिजवायचा, आणि तो चुलीवरून उतरला की मग निवळ त्यात परत घालायची.

"निवळीला आग लागली की ती मेली. मग कितीही ढवळ, गोडवा यायचा नाही."

सगळं जीव लावून केलं. निवळ मडक्यात काढली, साका चुलीवर चढवला. आई पाण्याला गेली, आणि तेंगान हळूच आत आला.

"तू इथे? आई बघेल ना!"

"आईला विहिरीवर गप्पा मिळाल्यात. थांब... गालाला पीठ लागलंय."

त्याने अंगठ्याने ते पुसलं. अगदी सावकाश. मी मान वर केलीच नाही.

तेवढ्यात साका फसफसून वर आला. "अगं, उतू जातंय!" म्हणत त्याने हाताला लागलं ते मडकं उचललं आणि गार पाणी समजून धो धो ओतलं. सगळी निवळ, उकळत्या साक्यात!

दुपार कलल्यावर आईने बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. "नुसतं पिठूळ. निवळ कुणी ओतली?"

मी तेंगानकडे पाहिलं. तो अंगणातल्या बकरीचा कान कुरवाळत होता. बोल ना रे... एवढं बोल.

"मी विचारतेय, कुणी ओतली?"

तो बकरीकडेच बघत राहिला.

"मी," मी म्हणाले.

"मग जा, पोरी. असल्या हातात मी माझी चूल देणार नाही."

तो पायवाटेवर धावत आला. "आयुओ, थांब... माझं तुझ्यावर फार प्रेम आहे गं!"

हे ऐकायला मी किती झुरले होते, आणि आलं ते असं!

"मग मघाशी तोंडाला काय झालं होतं?"

"आईचा स्वभाव माहीत नाही तुला. तू ना... जाऊन माफी माग तिची. गुडघे टेक. देईल ती पुन्हा करायला."

"मी? माफी मी मागू?"

"माझ्यावर चिडली तर महिनोन्‌महिने बोलायची नाही ती."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "ओतलेल्या पाण्यासाठी तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही, तेंगान. उद्या माझ्यासाठी निघेल? मी नाही यायची आता. माझ्या पाटीपाशीही फिरकू नकोस."

तेव्हाही तो मला आवडतच होता, हीच तर आग होती.

तो कावराबावरा झाला. एकदा माझ्याकडे, एकदा घराकडे बघत राहिला.

"मग..." तो म्हणाला, "आईला काय सांगू?"