आधी गोगलगायी गेल्या

वर्सोव्याच्या मासळीबाजारात रुचिराचं डोकं आपटलं ते थेट एका टांगलेल्या प्लास्टिकच्या थैलीवर. थैलीत पाणी, पाण्यात नारिंगी शेपट्यांचे सहा चिमुकले मासे... आणि थैलीपलीकडे दोन हसरे डोळे.

"अहो, सांभाळून! त्यांना चक्कर येईल."

"आणि मला लागलं त्याचं काय?"

"तुमचं डोकं शाबूत दिसतंय. ह्यांचं बघावं लागेल."

रुचिरा मागे हटणारी नव्हतीच. नुकतीच कॉलेजात गेलेली, एकोणीस वर्षांची, जिभेला नवी नवी धार आलेली. "ह्यांचं कालवण होतं की तिखलं?" तिने साळसूदपणे विचारलं.

"ह्यांचं कालवण करायला अख्खी खाडी गाळावी लागेल. एवढी भूक दिसत नाही तुमची."

"दिसण्यावर जाऊ नका!"

शेजारी तिची आई नलिनी बांगड्यांवरून घासाघीस करत होती, ती नेमकी थैलीवाल्या ह्या मुलाच्याच आईशी, पार्वतीमावशींशी. त्याचं नाव निमेश. सायन्सच्या शेवटच्या वर्षाला. आईच्या मासळीचे रिकामे थर्माकोलचे खोके घराच्या गच्चीवर मांडून त्यात तो गप्पी मासे वाढवायचा. बांगडे पिशवीत पडेपर्यंत सहा गप्पी आणि दोन पाणगोगलगायी रुचिराच्या झाल्या होत्या, आणि 'अहो'चं 'अगं' झालं होतं.

"एकच लक्षात ठेव," थैलीला गाठ मारत निमेश म्हणाला. "नळाचं पाणी थेट घालायचं नाही. रात्रभर साठवायचं, मग घालायचं. बाकी... ते तुला वाढवतील."

अंधेरीच्या घरी पोचल्यावर रुचिराने बाथरूममधल्या बादलीकडे पाहून नाक मुरडलं. माझ्या माशांना ह्यातलं पाणी? छे! स्वयंपाकघरात आईचा तांब्याचा हंडा होता, लग्नात मालवणहून आलेला, दर शनिवारी चिंच-मीठ लावून लखलखणारा. सगळं घर त्यातलंच पाणी प्यायचं. तांब्याचं पाणी म्हणजे अमृत, असं आई तिला लहानपणापासून सांगत आलेली. मग माशांनाही तेच. लाडकी लेकरं ना!

रोज संध्याकाळी निमेशचा फोन.

"पेशंट कसे आहेत?"

"पेशंट ठणठणीत. डॉक्टरांचं काय?"

"डॉक्टर जरा बिघडलेत. वर्सोव्यात एक मुलगी डोकं आपटून गेली तेव्हापासून..."

रुचिरा फोन कानाला घट्ट धरायची आणि गालातल्या गालात हसायची. सोसायटीतल्या तीन घरांना तिने त्याच्याकडूनच मासे घ्यायला लावले. इतकी ती त्याची झाली होती — फक्त त्याला अजून सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दोन्ही गोगलगायी काचेच्या टाकीच्या तळाशी उलट्या पडल्या. झोपल्या असतील, ती म्हणाली, आणि त्याला सांगितलंच नाही. मग एक गप्पी गेला. निमेश म्हणाला, "अर्धं पाणी बदल." तिने हंडाभर ताजं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गेले. उरलेले वर येऊन तोंडं उघडत होते, पंख अंगाशी आवळून. पुन्हा पाणी बदललं. पुन्हा दोन.

आता एकच उरली होती, पोट फुगलेली मादी.

"बाजारातले मासे गं, रोगटच असणार," समोरच्या सपनाकाकू म्हणाल्या. रुचिराला कुणीतरी हवंच होतं, ज्याचा दोष असेल. तिने रडत रडत सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'निमेशकडून मासे घेऊ नका. आजारी मासे देतो.' आणि त्याचे मेसेज म्यूट करून टाकले.

रविवारी तो स्वतःच आला, हातात काचेची बरणी घेऊन. लिफ्टसमोर चार माणसं उभी होती, सपनाकाकूही.

"एकदा टाकी बघू दे ना, रुचिरा. कारण सापडेल."

"कारण मला माहितीये!"

"माझ्या खोक्यात सगळे जिवंत आहेत गं. तुमच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या तीन घरांतलेही..."

"तुला काय फरक पडतो रे?" तिचा आवाज चढला. "तुमच्या घरी तर मासा मेल्यावरच त्याला किंमत येते!"

लिफ्ट आली. दार उघडलं... आणि कुणीच आत गेलं नाही.

निमेशच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम विझलं नाही. हळूहळू गेलं, ओहोटीसारखं. तेच जास्त वाईट होतं.

"शेवटची राहिलीय ती देशील?" त्याने बरणी पुढे केली. "तेवढीच."

तिने मादी आणून दिली. जाता जाता तो थबकला. "गोगलगायी कधी गेल्या?"

"त्या तर सगळ्यांच्या आधीच गेल्या. त्यांचं काय मधेच?"

तो बरणी छातीशी धरून जिन्याने उतरला.

दोन दिवस रुचिराने रिकामी टाकी तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी हंड्यातून पाणी घेता घेता तिने त्याचे म्यूट केलेले मेसेज उघडले. रविवारचा एकच होता, तिच्याकडून गेल्यावर तासाभराने आलेला.

'पाणी कशात साठवतेस?'

तिचा हात हंड्यातच राहिला. आत शनिवारी चिंच लावलेली, सोन्यासारखी चकाकणारी तांब्याची भिंत. तिने फोनवर शोधलं. तांबं पाण्यात उतरतं. माणसाला तेवढं चालतं, माशांना नाही. आणि सगळ्यांत आधी... गोगलगायी जातात.

म्हणजे जितक्या प्रेमाने पाणी बदललं, तितकं विष घातलं. कान असे तापले की वाटलं, हंड्यातच डोकं खुपसावं.

"अगं, पण आपण पितो ना तेच!" नलिनी म्हणाली. "आपल्याला कधी काही झालं?"

"आपण माणसं आहोत, आई," रुचिरा म्हणाली, आणि तिलाच तिच्या शब्दांची लाज वाटली. लिफ्टसमोर ती कसली माणूस होती?

ग्रुपवरचा मेसेज पुसायला ती गेली, आणि थांबली. गुपचूप पुसायचा? वाचताना तर सगळ्यांनी वाचला होता. तिने लिहिलं: 'मासे माझ्या चुकीने मेले. मी तांब्याच्या हंड्यातलं पाणी घालत होते. निमेशचे मासे निरोगी होते. मी खोटं बोलले.' पाठवलं. पण लिफ्टसमोरचं ते वाक्य कुठल्याच ग्रुपवर नव्हतं. ते तोंडावर मारलं होतं. तोंडावरच परत घ्यायला हवं होतं.

ती हंडा मांडीवर घेऊन रिक्षात बसली. पुरावा हवा ना!

"लग्नाचा रुखवत काय?" रिक्षावाल्याने विचारलं.

"मयताचा," ती म्हणाली. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला.

पार्वतीमावशी सुरमई कापत होत्या. शेजारी निमेश बर्फ फोडत होता. त्याने मान वर केली, हंडा पाहिला, आणि त्याच्या डोळ्यांत क्षणभर 'अच्छा, तांबं!' असं काहीतरी चमकून गेलं.

"हीच ना गो ती?" कोयता न थांबवता मावशी म्हणाल्या. "मेल्यावर किंमत येते म्हननारी?"

रुचिराने मान खाली घातली. "मावशी... माझं चुकलं. निमेश, मी —"

"हलू बोलतंस? चार मानसांत जोरात बोललीस ना? मंग घे ना परत, जोरात."

"आई, जाऊ दे," निमेश पुटपुटला.

"तू बर्फ फोड."

रुचिराने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या पाट्यांमागून बायका बघत होत्या. डोळे भरले होते... तिने हंडा डोक्यावर उचलला आणि ओरडली, "माझे मासे निमेशमुळे मेले नाहीत! माझ्या ह्या हंड्यामुळे मेले! आणि त्याच्या घराबद्दल मी जे बोलले ते... ते फार घाण होतं! मला लाज वाटते!"

मग पलीकडून कुणीतरी म्हणालं, "हंडा झकास हाय, पण!" आणि हशा पिकला. रुचिराला वाटलं, बर्फाच्या पेटीत शिरून वरून झाकण लावून घ्यावं.

निमेशने पाटीखालून बरणी काढून तिच्यासमोर धरली. आत मादी — सडपातळ, तुरतुरीत — आणि तिच्या भोवती पापणीच्या केसाएवढी अकरा पिल्लं.

"आजारी नव्हती," तो हळूच म्हणाला. "पोटुशी होती."

"निमेश... मला परत देऊ नकोस. माझी लायकी नाही."

"नाहीच देणार. बघायला यायचं. बादली घेऊन, प्लास्टिकची." त्याच्या ओठांच्या कडेला ते गेलेलं हसू परत येत होतं, भरतीच्या पहिल्या पाण्यासारखं. "मला राग नव्हता आला गं. लागलं होतं."

"माहितीये. म्हणूनच तर..." ती अडखळली. आता गालही तापले, पण ह्या वेळी शरमेने नाही, लाजून. "मला तू... म्हणजे मला तू आधीपासूनच..."

तिचा आवाज इतका बारीक झाला की पुढचं फक्त अकरा पिल्लांनी ऐकलं असेल.

पार्वतीमावशींनी कोयता थांबवला.

"काय बोललीस गो? मासलीबाजार हाय ह्यो. हितं हलू बोललेलं कोनाला ऐकू येत नाय."

निमेशने बरणी पाटीवर ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रुचिराने हंडा खाली ठेवला, आणि छाती भरून श्वास घेतला.